जुनी इंग्रजी गाणी, तुमच्या आठवणी, आणि गाण्यामागची खरी गोष्ट कळल्यावर काय झालं?

खरखर

लोकहो, परवा रात्री काम करता करता मोबाईलवर ईगल्स बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' लागलं आणि शेवटच्या गिटारला मी चक्क दचकलो, कारण गाणं थांबलंच नाही. आता म्हणाल गाणं मधेच कशाला थांबेल. तर आमच्या घरी जी कॅसेट होती ना त्यात ते थांबायचं. मोठ्या दादाने भरलेली कॅसेट, तीही कशी तर मित्राचा टेप आणि आमचा टेप समोरासमोर ठेवून, दार लावून, कुणी हूं की चूं करायचं नाही असा घरातल्यांना दम देऊन. तर गायचं संपतं, मग त्या दोन गिटारी सुरू होतात, एक काहीतरी बोलते, दुसरी तिला उत्तर देते, मग दोघी हात धरून जिना उतरल्यासारख्या खाली यायला लागतात, आणि बरोब्बर तिथे मागे मांजर ओरडल्यासारखा बारीक आवाज, मग टक्, आणि पुढे नुसती खरखर. बाजू संपली असणार टेपची.

मला कळायला लागल्यापासून किमान दहा-बारा वर्षं मी ते गाणं असंच ऐकलंय. मांजर गाण्यातलंच आहे असं वाटायचं मला, शप्पथ. कॉलेजात पहिल्यांदा ओरिजिनल ऐकलं तेव्हा मित्राला म्हणालो यात मांजर नाहीये, हे डुप्लिकेट आहे. त्यावरून पुढची तीन वर्षं मला काय नावाने हाक मारायचे ते सांगत नाही.

ओरिजिनल साडेसहा मिनिटांचं आहे आणि शेवटी हळूहळू विरत जातं हे आता माहितीये, शेकडो वेळा ऐकलंय, तरी ती जागा जवळ आली की अजून माझा कान टक् ची वाट बघतो. तर प्रश्न असा की तुमच्याकडे असं कुठलं गाणं आहे, आणि त्यामागची खरी गोष्ट नंतर कळली तर आठवण तशीच राहिली की तिचा चुथडा झाला? साठ ते नव्वदचं इंग्रजी पॉप, रॉक एवढंच घेऊया प्लीज, हिंदी-मराठीवर आलो तर मूळ विषय पानभर खाली जाईल.

उलटी_बाजू

अरे हा तर माझाच विषय. पिंक फ्लॉइड, 'विश यू वर हिअर', १९७५ चा अल्बम. ज्यांनी ओळीने ऐकलाय त्यांना माहिती असेल की आधीचं गाणं मस्त दणदणीत चालू असतं आणि शेवटाला अचानक सगळा आवाज कुणीतरी चिमटीत धरून काडेपेटीत कोंबल्यासारखा होतो, मग रेडिओची स्टेशनं बदलल्याची कुईं कुईं, कुणीतरी बोलतंय, आणि मग लांब कुठेतरी कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर लागलीये अशी पातळ गिटार.

मी पंधरा वर्षांचा. बाबांचा डेक. मला वाटलं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, घाण झालं. कॅसेट काढली, कापूस आणि स्पिरिट घेऊन हेड पुसलं, परत लावली, परत तेच. परत पुसलं. आता तो रबरी रोलरसुद्धा पुसला. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर मी शहाण्यासारखा बारीक स्क्रू ड्रायव्हर आणला आणि हेडच्या बाजूला जो छोटा स्क्रू असतो तो थोडा फिरवला, मग अजून थोडा, आणि त्यानंतर त्या डेकवर घरातली एकूण एक कॅसेट उशीखालून वाजल्यासारखी वाजायला लागली. बाबांनी काहीच विचारलं नाही. नुसतं स्क्रू ड्रायव्हरकडे बघितलं.

पुढे कळलं की ते मुद्दाम केलंय. बँडचा गिटारिस्ट डेव्हिड गिलमोरच्या गाडीतल्या रेडिओवरून ते तुकडे घेतले होते आणि पहिली गिटार मुद्दाम पातळ करून टाकलीये, म्हणजे असं वाटावं की कुणीतरी खोलीत एकटा बसून रेडिओसोबत वाजवतोय. आणि मग दुसरी गिटार जवळून येते, तो खोलीतला माणूस. ती जवळची गिटार यायच्या आधी खोकल्याचा आवाज पण आहे, नीट ऐका.

सिड बॅरेटची गोष्ट तर सगळ्यांना माहिती असेल, पण ज्यांना नाही त्यांच्यासाठी. बँडचा मूळ म्होरक्या, १९६८ मध्ये मानसिक आजारामुळे बाहेर पडला. ५ जून १९७५ ला ॲबी रोड स्टुडिओत हे लोक त्याच्यावरच्याच गाण्यावर काम करत होते आणि एक जाडसर माणूस आत येऊन उभा राहिला, डोकं भादरलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या. बराच वेळ कुणी ओळखलंच नाही. तो सिड होता.

हे वाचल्यापासून ते गाणं लागलं की मला स्टुडिओतला तो अनोळखी माणूस दिसतो. आणि त्याच्या मागे बाबा, स्क्रू ड्रायव्हरकडे बघताना. चुथडा वगैरे नाही झाला, गर्दी झाली म्हण.

बेसूर

माझं छोटं आणि लाजिरवाणं आहे. पोलिस बँडचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक', १९८३. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला बायकोला मोठ्या प्रेमाने डेडिकेट केलं, भर पार्टीत, माइकवर. तिने दुसऱ्या दिवशी शांतपणे शब्द काढून वाचले आणि म्हणाली हा माणूस प्रेम कुठे करतोय, हा पाळत ठेवतोय. मी म्हटलं कायपण काय. मग शोधलं तर खुद्द त्यांचा गायक स्टिंगच सांगत फिरतोय की बाबांनो हे हेव्याचं, पाळतीचं गाणं आहे, लोक लग्नात का वाजवतात कळत नाही.

तेव्हापासून मी फोनवर कुठे आहेस, किती वाजता येतेस एवढं जरी विचारलं तरी पलीकडून उत्तराच्या ऐवजी त्या गाण्याची गिटार तोंडाने ऐकू येते. सतरा वर्षं झाली.

अर्धवट_झोप

@बेसूर 😂😂

माझं मत जरा उलटं आहे. खऱ्या गोष्टी कळूच नयेत. फिल कॉलिन्सचं 'इन द एअर टुनाइट' घ्या, १९८१. हॉस्टेलवर लाइट गेलेले, आम्ही चौघं-पाचजण अंधारात, आणि एका सीनियरने गोष्ट सांगितली की फिल कॉलिन्सने एकाला बुडताना बघितलं, आणि काठावर दुसरा एक होता जो वाचवू शकला असता पण वाचवलं नाही, मग फिलने त्या माणसाला शोधून काढलं, कार्यक्रमाचं तिकीट पाठवलं, पहिल्या रांगेत बसवलं, आणि त्याच्यावर लाइट टाकून हे गाणं म्हटलं. मग त्याने सेलवरचा टेप लावला. ज्यांना गाणं माहितीये त्यांना कळेल, साडेतीन मिनिटं नुसतं दबा धरून बसल्यासारखं चालतं आणि मग ते ड्रम येतात. अंधारात ते ड्रम आले तेव्हा आमच्यातला एकजण खरंच कॉटवरून खाली पडला. मीच तो.

आणि मग काही वर्षांनी इंटरनेट आलं आणि कळलं की सगळं झूठ. कॉलिन्सने स्वतः हजारदा सांगितलंय की असं काही नाही, घटस्फोट चालू होता, राग होता, मशीनवर ताल लावून शब्द तिथल्या तिथे सुचत गेले. झालं. गाणं तेच, ड्रम तेच, पण आता मी ऐकतो तेव्हा एक माणूस वकिलाकडे चाललाय असं वाटतं. त्या सीनियरची गोष्ट कितीतरी भारी होती. मला ती परत पाहिजे.

पियानोवाली

वाचतेय सगळं, मजा येतेय. @अर्धवट_झोप यांच्याशी असहमत, म्हणून लिहिते.

आईला इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे पाट्या वाचण्यापुरतं. पण आम्ही भावंडं गाणी लावायचो तेव्हा ती आतून ओरडायची, ते पियानोचं लावा गं. पियानोचं म्हणजे बीटल्सचं 'लेट इट बी'. त्याच्या आधीची सगळी तिच्या लेखी आरडाओरडा. ते लागलं की ती हातातलं काम न थांबवता सोबत गुणगुणायची, शब्द नाहीतच, लेरेले लेरेले असं काहीतरी, आणि मधे जी गिटार येते तिथे गप्प बसायची आणि गिटार संपली की परत बरोबर जागेवर धरायची. एकदाही चुकली नाही. मला मोठेपणी क्लासमध्ये सम पकडताना घाम फुटायचा आणि ही बाई कणीक मळता मळता पकडायची.

मला वाटायचं ते देवाचं गाणं आहे. त्यातली मदर मेरी म्हणजे येशूची आई असणार, दुसरं काय. आईलाही मी तसंच सांगितलं होतं, ती म्हणाली वाटतंच तसं.

ती गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका मुलाखतीत ऐकलं की मेरी हे ते गाणाऱ्या पॉल मॅकार्टनीच्या स्वतःच्या आईचं नाव. १९५६ मध्ये ती वारली तेव्हा हा १४ वर्षांचा होता. आणि १९६८ च्या सुमारास बीटल्समध्ये भांडणं चालू असताना ती त्याच्या स्वप्नात आली आणि सगळं ठीक होईल, असू दे, असं काहीसं म्हणाली. तेच गाणं झालं.

मी तेव्हा बसमध्ये होते. पुढचे दोन स्टॉप मागे गेले माझे.

तर मला खरी गोष्ट कळायला हवीच होती. फक्त उशिरा कळली, तिला सांगायची राहिली.

उलटी_बाजू

@पियानोवाली 🙏

सहावी_तार

मध्येच जरा हलकं करतो. गिटार वाजवणाऱ्यांचा एक सामायिक गुन्हा आहे, तो म्हणजे 'स्मोक ऑन द वॉटर'. डीप पर्पल, १९७२. गिटार हातात आल्यावर पहिल्या तासात प्रत्येकजण तो तुकडा शिकतो आणि पुढचे सहा महिने घरच्यांना त्याचाच मारा. माझ्या रूममेटने तर नोटीस लिहून भिंतीवर लावली होती, रात्री नऊनंतर धूर बंद.

गोष्ट तुम्हाला माहिती असेलच. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं मॉन्ट्रो, फ्रँक झप्पाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकातल्या कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि अख्खा कॅसिनो जळला. डीप पर्पलवाले तिथेच अल्बम रेकॉर्ड करायला आले होते, ते बसले हॉटेलातून तळ्यावर पसरणारा धूर बघत. शब्द न शब्द घडलेलं आहे त्यात.

पण माझं दुःख वेगळं. मी तो तुकडा वीस वर्षं चुकीचा वाजवत होतो! पिकने (तार छेडायची छोटी चकती), जाड तारेवर, पॉवर कॉर्ड लावून धाडधाड. त्यांचा गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी एकदम उचलतो, पिक नाहीच. बोटांनी वाजवून बघा, दोन्ही सूर एका क्षणी सुटतात आणि त्यात एक वेगळीच टोकदार धार येते. कळलं तेव्हा मी चाळिशीत. त्या रूममेटला फोन करून वाजवून दाखवलं, तो म्हणाला मला तर तसंच वाईट वाटतंय.

बाकी 'हॉटेल कॅलिफोर्निया' पण मी उतरलेल्या सेलच्या वॉकमनवरून बसवलं होतं. मूळ बी मायनर पट्टीत आहे, आमचं अर्धा सूर खाली. पहिल्यांदा बँडबरोबर वाजवलं तेव्हा मी एका गावाला आणि बाकीचे दुसऱ्या.

दीडशहाणा४७६

सगळं वाचलं. मी टेप दुरुस्त करणारा माणूस (नावातला ४७६ म्हणजे कॅसेटचा वेग, सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर, माहिती असावं). माझा आक्षेप थेट मूळ प्रश्नावर आहे.

@खरखर, तुम्ही म्हणता बाजू संपली म्हणून गाणं तुटलं. आणि त्याच वाक्याच्या आधी म्हणता टक् झाल्यावर पुढे नुसती खरखर. दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही. टेप संपली तर पुढे खरखर कशावर वाजणार, टेपच नाही. फार तर टोकाची पारदर्शक पट्टी येते आणि यंत्र खटकन थांबतं. तुमच्या वेळी टक् नंतर कॅसेट चालू राहायची का? किती वेळ?

राहत असेल तर ते टक् म्हणजे कुणीतरी रेकॉर्डिंगचं बटण बंद केल्याचं आहे. समोरासमोर टेप ठेवून भरलंय म्हणजे माइकने भरलंय, खोलीतलं सगळं त्यात येणार. थोडक्यात तुमच्या दादाने गाणं चालू असताना स्वतःच्या हाताने बंद केलं. का केलं ते त्यालाच विचारा. मांजर पाळलेलं होतं का घरी?

जाता जाता, माइक आणि टेपवरून आठवलं. त्याच 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा मूळ तुकडा ईगल्सचा गिटारिस्ट डॉन फेल्डरने घरी कॅसेटवर करून ठेवला होता. पुढे मायामीत रेकॉर्डिंगला शेवटची गिटार तो आणि दुसरा गिटारिस्ट जो वॉल्श नव्याने काहीतरी वाजवायला लागले तर गायक डॉन हेन्लीने थांबवलं, म्हणाला डेमोत आहे तस्संच पाहिजे. आता डेमो तर घरी, कॅलिफोर्नियात. मग फेल्डरने घरी फोन लावला, घर सांभाळणाऱ्या बाईंना कॅसेट शोधायला लावली, त्यांनी फोन टेपसमोर धरला आणि इकडे त्याने ते ऐकून परत बसवलं. म्हणजे ज्या गिटारवर तुमचा एवढा जीव आहे तीसुद्धा एकदा टेपसमोर काहीतरी धरूनच पलीकडे गेलेली आहे.

अर्धवट_झोप

हा माणूस डिटेक्टिव्ह आहे 😀 @खरखर आता फोन लावाच

बेसूर

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय

खरखर

दीडशहाणेराव, नमस्कार स्वीकारा. तुमचा प्रश्न वाचून मी पाच मिनिटं गप्प बसलो होतो, कारण हो, कॅसेट पुढे चालू राहायची, चांगली दोन-तीन मिनिटं, आम्ही फॉरवर्ड करायचो मग बाजू पलटायचो. इतकी वर्षं मी मनाशी बाजू संपली हेच धरून बसलो होतो आणि एकदाही डोक्यात आलं नाही की मग खरखर कुठून. आणि मांजर घरी कधीच नव्हतं, आईला सहन व्हायची नाहीत.

काल रात्री दादाला फोन केला. तो आता पंचावन्नचा आहे, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, बोलणं होतं आमचं पण गाण्यांवर वगैरे कधी नाही. सगळं सांगितलं, मांजर, टक्, तुमचा आक्षेप. तो आधी बराच वेळ काही बोललाच नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग एवढा हसायला लागला की वहिनी बाहेर आली काय झालं बघायला.

म्हणाला मांजर नाही रे, तू आहेस. मी दोन वर्षांचा, पाळण्यातून नुकताच खाली झोपवायला लागलेले. याने कसंबसं मित्राला पटवून एक दुपार टेप आणलेला, मला झोपवूनच रेकॉर्डिंग सुरू केलं होतं, आणि शेवटच्या गाण्याला, अगदी दीड मिनिट राहिलेलं असताना मी उठलो आणि रडायला लागलो. आईने आतून हाक मारली ते बंद कर आणि त्याला घे आधी. याने दोन सेकंद थांबून बघितलं की मी गप्प बसतोय का. नाही बसलो. टक्.

म्हटलं मग नंतर परत का नाही भरलंस, तर म्हणे मित्र संध्याकाळी टेप घेऊन गेला, आणि तुझ्यावर मी आठवडाभर चिडलेलो होतो. मग तूच मोठा होऊन ते सारखं लावायला लागलास, तर मी म्हटलं कशाला सांगायचं, ऐकू दे.

कॅसेट त्याच्याकडेच आहे! माळ्यावरच्या खोक्यात, आज सकाळी फोटो पाठवला, वर त्याचं जुनं तिरकं अक्षर आणि शाईचा डाग. पण म्हणतो लावून बघितली तर चाक फिरत नाहीये, टेप आतल्या आत चिकटलीये बहुतेक आणि तो जोर लावायला घाबरतोय. मी शनिवारी जातोय त्याच्याकडे. दीडशहाणेराव, काय करू सांगा, तोपर्यंत त्याला हात लावू नको म्हटलंय.

दीडशहाणा४७६

बरोबर केलंत. प्ले, फॉरवर्ड, रिवाइंड काहीही दाबू नका, मोटर ओढेल आणि टेप तुटेल.

आधी कॅसेट आडवी धरून तळहातावर दोन्ही बाजूंनी हलके हलके आपटा, कडेला सरकलेले वेढे जागेवर बसतात, निम्म्या वेळा एवढ्यानेच सुटते. मग पेन्सिल घालून हाताने, अगदी सावकाश, दोन-चार वेढे पुढे, दोन-चार मागे. जिथे अडेल तिथे थांबा, जोर नाही. तरी नाही सुटली तर कोपऱ्यात आणि मधे मिळून पाच स्क्रू असतील ते काढा, वरचं झाकण उचला, दोन्ही चाकं टेपसकट उचलून दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या रिकाम्या डबीत बसवा, टेप कुठून कुठे जाते त्याचा आधी फोटो काढून ठेवा. स्क्रू नसतील, डबी चिकटवलेली असेल तर उघडायच्या भानगडीत पडू नका, मला निरोप टाका. डबीतला छोटा स्पंजचा तुकडा गळून पडला असेल तर तो नवीन डबीतला वापरा, त्याच्याशिवाय आवाज दबतो.

आणि वाजवायची वेळ आली की पहिल्याच फेरीत काँप्युटरला वायर लावून भरून घ्या. एवढ्या जुन्या टेपला दुसरी फेरी मिळेलच असं नाही.

उलटी_बाजू

आणि हेडच्या बाजूच्या स्क्रूला हात लावू नका. मी सांगतोय.

खरखर

😂 ओके. पेन्सिल घेतलीये. मांजराची क्लिप टाकतो इथे, जमलं तर.